दोन गोष्टी बदलून

नाही नाही, बस. असं उभ्या उभ्या सांगून निघायचं असतं का — पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाहीस — बस, चैत्राली, पर्स ठेव, ती खुर्ची ओढ इकडे. हां. आता परत सांग, काय म्हणालीस? 'सर, यापुढे मी सुपरव्हिजनसाठी ठाण्याच्या मॅडमकडे जाईन.' एवढंच. एक वाक्य. पाठ करून आली होतीस, हो ना? रस्ता ओलांडताना ओठ हलत होते तुझे, मी खिडकीतून बघितलं — म्हटलं ही फोनवर बोलतेय की काय, तर कानाला काही नाही. बरं, जा ना, माझी कुठे ना आहे? ठाण्याच्या मॅडम मोठ्या आहेत, त्यांच्या भिंतीवर सर्टिफिकेटं आहेत फ्रेम केलेली, माझ्या भिंतीवर डेंटिस्टनी दिलेलं दातांचं कॅलेंडर आहे. पण कारण? कारण विचारायचा हक्क आहे की नाही मला? — बघ, परत गप्प. तू काही गप्प बसणारी मुलगी नाहीस. उलट मीच म्हणायचो, अगं जरा श्वास घे, क्लायंट कुठे पळून चाललाय का. आणि आज तोंडाला कुलूप. मला काय वाटतं सांगू? कारण आहे. आणि ते सांगता येण्यासारखं नाही.

थांब, पंखा मोठा करतो. उकडतंय म्हणून नाही — पलीकडे डॉक्टरांकडे आज गर्दी आहे, आणि ही मधली भिंत म्हणजे प्लायवूड. ते दात कोरायचं मशीन चालू असतं तोवर ठीक, ते थांबलं की बाकावरच्या माणसाला आपलं अक्षर न् अक्षर ऐकू जातं. परवा डॉक्टर मला म्हणाले, 'काका, ही मुलगी तुमची पेशंट का? चेहऱ्यावरून तर बरी दिसते.' म्हटलं, नाही हो, ती स्वतः काउन्सेलर आहे, उल्हासनगरला बसते, कॅम्प तीनला कपड्याच्या दुकानाच्या वर. आमच्यात कसं असतं, म्हटलं, लोकांचं ऐकणाऱ्यालाही आपल्या केसेस कोणासमोर तरी मांडाव्या लागतात — आपण कुठे चुकतो, कुठे आपलंच घरचं मध्ये आणतो, ते आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याला दिसतं. म्हणून मी. तर डॉक्टर काय म्हणाले — 'मग तुमचं कोण बघतं?' हसले आणि गेले आत. असले प्रश्न विचारून हसायला काय जातंय त्यांचं. दाताला घरचं-बाहेरचं काही नसतं.

कोणी काही बोललं का तुला माझ्याबद्दल? नाही, मान हलवू नकोस, नीट आठव. त्या मॅडमच्या वर्कशॉपला गेली होतीस गणपतीनंतर, तिथं निघाला असेल विषय. 'श्यामकांत सर? अच्छा, ते कंपनीवाले?' असंच म्हणाल्या असणार. आणि एका बाजूचं हसल्या असणार. मला ठाऊक आहे माझ्यामागे काय बोलतात — रिटायर झाल्यावर कोर्स केला, टाइमपास म्हणून दुकान उघडलं. की माझं बोलणं लागलं तुला? त्या मागच्या वेळचं? मी म्हटलं होतं, चैत्राली, तुझे वडील जेवताना शब्द बोलायचे नाहीत, ताट सरकवून उठायचे — तूच सांगितलंस हं मला, मी खोदून नाही काढलं — आणि म्हणून घरातल्या मोठ्या माणसाची तक्रार घेऊन कोणी आलं की तू लगेच तक्रार करणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहतेस. हे मी आजही म्हणेन. ते माझं काम आहे. डोळ्यांत पाणी आलं तुझ्या तेव्हा, म्हणून मी विषय सोडला. पण ते खरं होतं म्हणून आलं ना? मग त्याचा राग धरून कोणी सुपरव्हायझर बदलतं का?

नाही. तेही नाही. तुझा चेहरा सांगतो, तेही नाही. रागावलेली माणसं मी पुष्कळ बघितलीत, रागावलेला माणूस समोर बघतो. तू फरशी बघतेयस. तू मला — थांब जरा, शब्द सापडू दे — तू मला सांभाळतेयस. का? मला काय झालंय?

ठीक आहे. तू नाही सांगत, तर मी सांगतो. ती बदलापूरची केस. तिच्यामुळेच हे सगळं, खरं ना? मान हलवू नकोस, हो म्हणून नको, नाही म्हणूनही नको, नियम आहे आणि नियम माझाच आहे. पहिल्या दिवशी मी तुला काय शिकवलं? म्हटलं, हे मुंबई नाही. इथं बदलापूर गावातली बाई अंबरनाथच्या शिवमंदिरात शिंकली तर उल्हासनगरात तिची जाऊ म्हणते, सर्दी झाली वाटतं. नाव लपवून भागत नाही. म्हणून माझ्यासमोर केस मांडताना दोन गोष्टी बदलून सांगायच्या. कुठल्या दोन, ते मलाही कळू द्यायचं नाही. मोरिवलीचा माणूस चामटोलीचा कर, शिक्षिकेची नर्स कर — पण दोनच. तीन बदलल्यास तर केसच राहणार नाही, गोष्ट होईल. किती कौतुक केलंस तू तेव्हा या नियमाचं. म्हणालीस, सर, हे कुठल्या पुस्तकात नाही. नाहीच आहे. मी कंपनीत शिकलो ते. युनियनच्या माणसानं दुसऱ्याची तक्रार आणली की मी म्हणायचो, खातं बदल, शिफ्ट बदल, मग सांग.

तर तू मांडलंस — आठवतं ना, मला तर तुझ्या आवाजासकट आठवतं — बाई पस्तिशीची, बदलापूर गावातली, चांगलं घर, कशाची कमी नाही. त्रास सासऱ्यांचा. मारत नाहीत, ओरडत नाहीत, टाकून बोलत नाहीत. मी विचारलं, मग काय करतात? तू म्हणालीस, ऐकतात. मी हसलो. तू नाही हसलीस. म्हणालीस, क्लायंट म्हणते, 'मी काही म्हटलं की ते माझंच वाक्य मला परत देतात. मी म्हटलं, मला कंटाळा आलाय, तर ते म्हणतात, तुला कंटाळा आल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, मला किंचाळावंसं वाटतं, तर म्हणतात, हं, किंचाळावंसं वाटतंय. पूर्वी मी भांडायचे, भांडी आपटायचे, आता भांडायलाही समोर कोणी नाही, भिंतीशी कसं भांडणार?' — शब्द न् शब्द आठवतो मला. आणि पुढे म्हणालीस, तिला काही दिवस बहिणीकडे जाऊन राहायचंय. परत यायचं की नाही ते तिथं ठरवणार.

काय सल्ला दिला मी? चुकीचा दिला? म्हटलं, घाई नको. दिवाळीपर्यंत तिला काही ठरवू देऊ नकोस. म्हटलं, त्या सासऱ्यांनाही एकदा बोलाव, त्यांची बाजू ऐक — शांत राहणारा माणूस म्हणजे वाईट माणूस नव्हे. तू म्हणालीस, सर, क्लायंट ती आहे, ते नाहीत. बरं, म्हटलं. पण मग पुढच्या वेळी मी परत तेच म्हटलं. आणि त्याच्या पुढच्या वेळीही. हो, मला आठवतं, तुला मोजायचं असेल तर मोज. तू एकदा म्हणालीसही, 'सर, तुम्ही त्या सासऱ्यांबद्दल जरा जास्तच बोलता.' मी म्हटलं, कोणीतरी बोलायला नको?

अगं, शांत आवाज म्हणजे काय असतो तुला माहीत नाही. तुमच्या पिढीला तो फुकटात मिळाल्यासारखा वाटतो. मी कमावलाय. पर्सोनेल ऑफिसर होतो मी, मोरिवलीच्या अंगाला आमची कंपनी होती. माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा एकेकाला केबिनमध्ये बोलवायचं काम माझ्याकडे. वीस-वीस वर्षं मशीनवर उभी राहिलेली माणसं, दंड असे, आत यायची तीच टेबल उलथायच्या तयारीनं. मी काय करायचो? आवाज खाली. हात टेबलावर उघडे. तो ओरडला, 'साहेब, पोरांना काय खायला घालू?' तर मी म्हणायचो, 'पोरांची काळजी वाटतेय तुला, महिपती.' बस. एवढंच. त्याचंच वाक्य त्याला परत. पुन्हा ओरडायचा, पुन्हा परत. चार-पाच वेळा असं झालं की माणूस विझतो. खांदे खाली येतात. मग पेन पुढे करायचं. एकानंही माझ्यावर हात उचलला नाही, मॅनेजर म्हणायचे, श्यामकांत, तुझ्या जिभेवर बर्फ आहे. आणि नंतर या कोर्सला गेलो, तर तिथं बाई शिकवतात — समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत परत द्या, त्याला ऐकलं गेल्यासारखं वाटतं. म्हटलं, अरे, हे तर मी आयुष्यभर करत आलो! वर्गात सगळ्यांत चांगला मी करायचो ते. सगळ्यांत चांगला.

काय? असं का बघतेस? तो कंपनीतला प्रकार वेगळा आणि हा वेगळा, मला कळतं तेवढं. तिथं सही हवी असायची. इथं काही नको असतं. — नको असतं ना.

बरं, आता ऐक. आता मी जे सांगणार आहे ते मी इतके दिवस नाही सांगितलं, कारण सांगितलं असतं तर तू केसच मांडली नसतीस, आणि मला ती ऐकायची होती. ती माझी सून आहे. राजसी. बोलू नकोस. मला माहीत आहे. पहिल्यांदा तू 'बदलापूर गाव' म्हणालीस तेव्हाच मी ओळखलं. पस्तिशीची — राजसी पस्तिशीची. सासरे, शांत, ऐकणारे — दुसरा कोण आहे बदलापुरात? आणि गुरुवार. दर गुरुवारी राजसी उल्हासनगरला जाते, स्कूटी काढून. सुनेत्राला घेऊन जाते मागे — सुनेत्रा म्हणजे आमची ही. विचारलं तर म्हणतात, फॉल-पिको करायचंय, मॅचिंग बघायचंय, अस्तराचं कापड संपलं. मला सांग, दर आठवड्याला कोणाचं अस्तर संपतं? आपल्याकडच्या सगळ्या बाया तुझ्याकडे असंच सांगून येतात, तूच म्हणालीस एकदा, खाली कपड्याचं दुकान आहे म्हणून बरं, हातात पिशवी घेऊन उतरलं की घरी कोणी विचारत नाही. तू हसत सांगितलंस ते. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात लगेच पिशव्या आल्या — आमच्या दाराशी येतात त्या.

हो, गेलो होतो. एकदा. तुझ्याकडे बघायला नाही — तुझ्या जिन्याकडे. समोर तो दालपकवानवाला आहे ना, तिथं उभा राहिलो. सिंधी म्हातारा, 'आओ साईं, गरम है' करत होता, एक प्लेट घेऊन अर्धा तास उभा, पकवान गार, माझं लक्ष वर. आणि होती! राजसी होती. स्कूटीवर बसलेली, खालीच, मोबाइल बघत. म्हणजे तिचं सेशन आटपलं होतं आणि ती खाली येऊन सुनेत्राची वाट बघत होती, सुनेत्रा कुठे दुकानात शिरली असणार, तिला एक ब्लाउजपीस निवडायला तास लागतो. बराच वेळ बसली होती गं. चेहरा अगदी हलका — रडून मोकळं झाल्यावर होतो ना, तसा. मी तिथूनच मागे फिरलो.  माझ्या घरात राहून, मला रोज 'बाबा, औषध घेतलं का' विचारणारी मुलगी, माझ्याच शिष्येसमोर बसून मला भिंत म्हणते! आणि तुला ते ठाऊक नाही, तिला ते ठाऊक नाही, कारण मी घरी कधी तुझं नावसुद्धा काढलेलं नाही. मी तत्त्वानं काढत नाही. अनीशला — माझ्या मुलाला — एवढंच माहीत आहे की बाबा अंबरनाथला बसतात.

आणि ती गेली तर? नुसती ती जाईल का? अनीश जाईल, नातू जाईल. दोन खोल्या रिकाम्या होतील, आणि राहील कोण, तर मी आणि सुनेत्रा, समोरासमोर. तिनं जाऊ नये एवढंच मला हवं होतं. म्हणून म्हणत होतो, दिवाळीपर्यंत थांबव. तुझ्यातर्फे निरोप देत होतो मी तिला, समज. वाईट केलं? सांग. — नको सांगू.

मग मी घरी फरक करायला घेतला. तू इथं जे सांगायचीस ते लक्षात ठेवून. क्लायंट म्हणते, या घरात कसं वाटतंय ते सगळे विचारतात, काय हवंय ते कोणी विचारत नाही — बरं, राजसीला 'कसं वाटतंय' विचारणं बंद. क्लायंट म्हणते, दुपारची दोन तास शांतता नाही मिळत — बरं, नातवाला घेऊन मी गावदेवीपर्यंत, उन्हात, गुडघे दुखत असताना. चहासुद्धा करायला लागलो. चार वाजता उठायचं, आलं किसायचं, राजसी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली असते त्या वेळी, तिच्यापुढे कप ठेवायचा. पहिल्या दिवशी तिनं असं बघितलं माझ्याकडे — 'बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?' आणि हसली. माझ्याशी हसून बोलायला लागली, खरंच. म्हटलं, जमलं. आता चैत्राली सांगेल, क्लायंट सुधारतेय.

आणि तू सांगायला लागलीस, क्लायंट जास्तच खचलीय. मी चक्रावलो. म्हणून विचारतो — आता शेवटचं विचारतो, मग जा ठाण्याला नाहीतर दिल्लीला — तू बदललेल्या दोन गोष्टी मी कधीच ओळखल्यात, त्या तरी बरोबर आहेत का? बहीण. राजसीला बहीणच नाही, एकुलती मुलगी आहे ती. ती तू घातलीस, आईऐवजी. एक. आणि भांडी आपटायचं. राजसी या घरात आल्यापासून तिनं चमचा वाजवला नाही, ती कसली भांडी आपटते? आमच्याकडे भांडी आपटायची ती सुनेत्रा, तेही माझ्या कंपनीच्या दिवसांत, काय आवाज होता तिचा, शेजारच्या वेणूबाई खिडकी लावून घ्यायच्या. आता बघ, सुनेत्राही किती शांत झालीय. कोर्सचा हा फायदाच म्हणायचा. तर भांडी तुझी, बहीण तुझी. झाल्या दोन. बाकी सगळं खरं असायला हवं, बरोबर? नियमानं?

मग ते चहाचं काय होतं? मागच्या वेळी तू सांगितलंस ते. मी तुला मध्येच तोडलं होतं, कारण मला इतका आनंद झाला होता की चहाचा उल्लेख आला. तू म्हणालीस, क्लायंट म्हणते, 'आता ते चहा करतात. दोन कप. मी दाराशी उभी राहून बघत होते.' मी म्हटलं, बघ! बघ, तिच्या लक्षात आलं! एक तिचा, एक त्यांचा, म्हणजे नातं जुळतंय. तू म्हणालीस, 'सर, हे सांगताना ती खूप रडली.' मी म्हटलं, आनंदानं रडली असेल.  मग तू म्हणालीस, क्लायंट म्हणते, 'त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा ते म्हणाले, तुला हवा होता का? मी म्हटलं नको. तर ते म्हणाले, बरं, तुला नकोसा वाटतोय.'

हे वाक्य मी म्हटलेलं आहे. ते मला आठवतं. पण राजसीला कशाला म्हणेन? राजसीचा कप राजसीच्या हातात होता. ती स्टुलावर होती, ओट्याजवळ. दाराशी —

दाराशी सुनेत्रा होती. झोपून उठून आली होती, केस बांधत.

वय बदललंस. पासष्टचं पस्तीस केलंस. आणि नातं — नवऱ्याचा सासरा केलास. झाल्या दोन. बहीण खरी. भांडी खरी.

नको. तोंड उघडू नकोस, चैत्राली. तुला बोलता येणार नाही, मला कळतं, मीच शिकवलं. तुला परवाच्या गुरुवारी कळलं असणार. तिनं माझं नाव घेतलं असेल, किंवा म्हणाली असेल, नवरा अंबरनाथला लोकांचं ऐकायला बसतो. आणि तू मला सांभाळत होतीस.

तिची थोरली बहीण चामटोलीला दिलीय. कौसाबाई. आज सकाळीच गेली सुनेत्रा तिकडे. राजसीनं सोडलं तिला स्कूटीवर, पुढे पाय ठेवायच्या जागी मोठी बॅग. मी पेपर वाचत होतो. म्हणाली, 'ताईकडे भातकापणी काढलीय, माणसं मिळत नाहीत, मी जाते.' आणि मी — मी काय म्हटलं माहीत आहे? पेपर खाली ठेवून म्हटलं, नीट तिच्याकडे बघून म्हटलं, 'तुला ताईला मदत करावीशी वाटतेय.' ती उभी राहिली जरा वेळ. बॅगचा बंद हातात होता. आणखी काही बोलेन म्हणून उभी राहिली असेल. मग म्हणाली, 'हो. तसंच वाटतंय.' किती दिवस, ते मी विचारलं नाही. पासष्ट वर्षांची बाई, वाकता येत नाही तिला, ती कसली भात कापतेय?

फोन करू का? आत्ता? चामटोलीत रेंज मिळते कधी कधी. पण काय म्हणू? म्हणजे तू काउन्सेलर आहेस, तू सांग, माणूस काय म्हणतो अशा वेळी — माझ्या तोंडात एकच प्रकारचं वाक्य येतंय बघ, तिनं 'हॅलो' म्हटलं तर मी काय, 'हॅलो म्हणावंसं वाटतंय' म्हणू? हसू नकोस. हसत नाहीयेस तू. सॉरी.

एवढं एकच. मी सांगितलं होतं ना तुला, दिवाळीपर्यंत थांबव म्हणून — दर वेळी सांगितलं — तू सांगितलंस का तसं तिला? ती थांबायला तयार होती आणि तुला पटत नव्हतं, की ती आधीच निघायची होती आणि माझ्या शब्दावर इतके दिवस — नाही. नाही, हे मला विचारता येत नाही. हे तुझं आणि तिचं आहे. ते तिकडे ठाण्याला मांड. आणि तिथं मांडताना काही बदलू नकोस. नवऱ्याला नवराच म्हण.

पर्स राहतेय तुझी, घे. मशीन थांबलंय, पलीकडे ऐकू जाईल, आता काही बोलायला नको. जा. अगं, जा म्हटलं ना.